माइल्स जोसेफ बर्कले : करप्यापासून कीडाजडीपर्यंत बुरशीची ओळख पटवणारा माणूस

द्राक्षावरील भुरी, बटाटा-टोमॅटोवरील उशिराचा करपा, कॉफीवरील तांबेरा, शिताके अळिंबी आणि किलोला लाखो रुपये भाव मिळणारी हिमालयातील कीडाजडी. या पाचही गोष्टींच्या अभ्यासात एका माणसाचे नाव पुन्हा पुन्हा येते. इंग्लंडमधील एका खेड्यात चर्चचे काम सांभाळणारे रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कले यांनी यातील चार बुरशींना शास्त्रीय नाव दिले आणि पाचवीबाबत ती रोगाचे कारण आहे हे ठामपणे मांडले. बुरशीच्या शास्त्रीय नावापुढे ‘बर्क.’ अशी अक्षरे दिसली, की ती याच माणसाची असतात.

आज औषधी अळिंबीच्या कॅप्सूल, पावडर आणि चहा यांचा बाजार वाढतो आहे. अनेक तरुण शेतकरी कॉर्डिसेप्सच्या लागवडीकडे वळत आहेत. डब्यावर एक नाव, आत दुसरीच बुरशी असा प्रकार या बाजारात सर्रास घडतो. अशा वेळी बर्कले यांचे आयुष्य आणि त्यांची कामाची रीत समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

बालपण आणि शिक्षण

बर्कले यांचा जन्म १ एप्रिल १८०३ रोजी इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात, औंडल गावाजवळ झाला. रग्बी येथील शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८२५ मध्ये ते पदवीधर झाले. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्या सहवासात त्यांची निसर्गाभ्यासाची आवड पक्की झाली. याच हेन्स्लो यांनी पुढे चार्ल्स डार्विन यांनाही घडवले.

पदवीनंतर बर्कले धर्मसेवेत गेले. सुरुवातीला मार्गेट या किनाऱ्यावरील गावात ते सहायक धर्मगुरू होते. तेव्हा त्यांचे लक्ष शंखशिंपले आणि समुद्री शेवाळ यांच्याकडे होते. १८३३ मध्ये नॉर्दॅम्प्टनशायरमधील दोन छोट्या गावांच्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि ते किंग्ज क्लिफ येथे राहू लागले. पुढची पस्तीस वर्षे ते तिथेच होते. कुटुंब मोठे आणि उत्पन्न तुटपुंजे, त्यामुळे मुलांना घरी शिकवून ते संसाराला हातभार लावत. उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शक आणि बुरशी.

त्या काळात बुरशीकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नसे. कुजक्या लाकडावर, शेणावर, ओल्या भिंतीवर आपोआप उगवणारी घाण अशीच बहुतेकांची समजूत होती. बर्कले यांनी प्रत्येक नमुना सुकवायचा, कागदाच्या पाकिटात ठेवायचा, त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, बीजाणू कसे तयार होतात ते काढून ठेवायचे आणि मगच नाव द्यायचे, अशी शिस्त लावून घेतली. ब्रिटनमधील वनस्पतींवरील एका मोठ्या ग्रंथमालेचा बुरशीविषयक भाग त्यांनी लिहिला. तो १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते या विषयातील जाणकार म्हणून ओळखले जाऊ लागले. डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केलेली बुरशीही तपासणीसाठी त्यांच्याकडेच आली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला झाडांवर वाढणाऱ्या आणि तिथले लोक खात असलेल्या पिवळ्या गोल बुरशीला त्यांनी डार्विन यांचे नाव दिले.

बटाट्याचा करपा : कारण चुकले की उपाय चुकतो

१८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियम, हॉलंड, फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये बटाट्याची पाने काळी पडू लागली. पाठोपाठ रोग आयर्लंडमध्ये पोहोचला. तिथला गरीब शेतकरी जवळपास फक्त बटाट्यावर जगत होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेली आणि तितकीच देश सोडून गेली.

रोगाचे कारण काय यावर तज्ज्ञांत वाद होता. लंडनमधील नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांचे मत होते, की पावसाळी, ढगाळ हवामानामुळे झाडात पाणी साचले, ते सडले आणि सडलेल्या भागावर नंतर बुरशी आली. म्हणजे बुरशी हा परिणाम. हे मत बहुतेकांना पटत होते, कारण हवामान खरोखरच तसे होते.

बर्कले यांनी रोगट पाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पॅरिसमधील बुरशीतज्ज्ञ मोंताँय यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू होता. मोंताँय यांनी १८४५ मध्येच या बुरशीला नाव दिले होते. बर्कले यांना दिसले, की बुरशीचे तंतू पानाच्या आत पेशींच्या मधून वाढतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून बाहेर येऊन बीजाणू धरतात. अजून न सडलेल्या भागातही बुरशी हजर होती. यावरून १८४६ मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात त्यांनी मांडले, की बुरशी हेच रोगाचे कारण आहे. ओलसर हवा तिला फक्त मदत करते.

बहुतेकांनी हे मान्य केले नाही. बर्कले यांच्याकडे निरीक्षण होते, पण निरोगी झाडावर बीजाणू टाकून रोग निर्माण करून दाखवण्याचा पक्का पुरावा नव्हता. तो पुरावा जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६१ मध्ये दिला. त्यांनीच १८७६ मध्ये या रोगकारकाला फायटोप्थोरा इन्फेस्टन्स हे आजचे नाव दिले. आधुनिक वर्गीकरणात फायटोप्थोरा खऱ्या बुरशींत मोडत नाही, वेगळ्या गटात जातो. त्यामुळेच भुरीवर चालणारी काही बुरशीनाशके उशिराच्या करप्यावर चालत नाहीत. नारायणगाव-जुन्नर भागातील टोमॅटो उत्पादक किंवा मंचर-खेड पट्ट्यातील बटाटा उत्पादक आज ढगाळ हवा दिसताच फवारणीची तयारी करतात, त्यामागे कारण नेमके ओळखण्याची ही जुनी धडपड आहे.

द्राक्षावरील भुरी आणि कॉफीवरील तांबेरा

१८४५ मध्येच मार्गेट येथील एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला काचगृहातील द्राक्षवेलींवर पांढरी भुकटी दिसली. नमुने बर्कले यांच्याकडे आले. त्यांनी १८४७ मध्ये या बुरशीला टकर यांचे नाव जोडून ऑयडियम टकेरी असे नाव दिले. टकर यांनी गंधक आणि चुना वापरून रोग आटोक्यात आणला होता. नाशिक-सांगलीच्या बागांत आजही भुरीसाठी गंधक वापरले जाते. पुढे असे लक्षात आले, की हीच बुरशी अमेरिकेत १८३४ मध्ये आधीच नोंदली गेली होती. म्हणून आज तिचे अधिकृत नाव एरिसिफे नेकेटर आहे. माहिती वाढली की नाव बदलते. मात्र बर्कले यांचे वर्णन नेमके असल्याने जुन्या नावावरूनही तीच बुरशी ओळखता येते.

१८६९ मध्ये श्रीलंकेतील पेराडेनिया येथील वनस्पती उद्यानाच्या थ्वेट्स यांनी कॉफीची तांबेरा पडलेली पाने पाठवली. बर्कले आणि त्यांचे सहकारी ब्रूम यांनी या बुरशीला हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स असे नाव दिले. पहिला शब्द बीजाणूंची अर्धी बाजू गुळगुळीत असल्याचे सांगतो, दुसऱ्याचा अर्थ उद्ध्वस्त करणारी. काही वर्षांत श्रीलंकेतील कॉफीचे मळे खरोखरच उद्ध्वस्त झाले आणि तिथे चहा आला.

दरम्यान १८५४ ते १८५७ या काळात ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकात त्यांनी वनस्पतींच्या रोगांवर लेखमाला लिहिली. माळी आणि शेतकरी यांना समजेल अशा भाषेत रोगशास्त्र मांडण्याचा हा सुरुवातीचा मोठा प्रयत्न होता. आज आपण ज्याला कृषी सल्ला म्हणतो, त्याच्या फार जवळचे हे काम होते.

कीडाजडी आणि शिताके

चीन आणि तिबेटमध्ये शतकानुशतके वापरले जाणारे एक औषध वाळलेल्या जुड्यांच्या रूपात इंग्लंडमध्ये पोहोचत असे. अर्धा भाग अळीसारखा, अर्धा काडीसारखा. हिवाळ्यात किडा आणि उन्हाळ्यात गवत होणारा जीव, अशी त्याची ख्याती होती. १८४३ मध्ये बर्कले यांनी त्याची तपासणी करून स्पष्ट केले, की अळीच्या डोक्यातून बाहेर आलेली काडी ही बुरशी आहे. त्यांनी तिला स्फेरिया सायनेन्सिस असे नाव दिले. १८७८ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ साकार्डो यांनी तिला कॉर्डिसेप्स या प्रजातीत नेले. २००७ मध्ये डीएनए अभ्यासानंतर ती ऑफिओकॉर्डिसेप्स या वेगळ्या प्रजातीत आणि वेगळ्या कुळात गेली. हीच उत्तराखंडच्या पिथौरागड, चमोली भागातील कीडाजडी किंवा यारसा गुंबा.

१८४८ मध्ये टास्मानियातून आलेल्या, अळीवरच वाढणाऱ्या दुसऱ्या एका बुरशीला त्यांनी तिथले संग्राहक गन यांचे नाव दिले. वरवर पाहता दोन्ही सारख्या वाटाव्यात, पण बर्कले यांनी त्या वेगळ्या ठेवल्या. पुढे चीनच्या बाजारात गन यांच्या नावाने ओळखली जाणारी बुरशी खऱ्या कीडाजडीच्या जागी खपवली जाऊ लागली.

जोसेफ हूकर यांनी १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम हिमालयातून गोळा केलेली बुरशीही बर्कले यांनीच तपासली. उतारवयात ‘चॅलेंजर’ या संशोधन जहाजाच्या सफरीतील नमुने त्यांच्याकडे आले. त्यांतील जपानी खाद्य अळिंबीला त्यांनी जे नाव दिले, त्यातूनच शिताकेचे आजचे नाव लेंटिन्युला एडोडिस तयार झाले.

उत्तरायुष्य

१८६३ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल पदक दिले. १८६८ मध्ये ते सिबरटॉफ्ट या गावी धर्मगुरू म्हणून गेले. १८७९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांनी आपला ९ हजारांहून अधिक नमुन्यांचा बुरशीसंग्रह लंडनजवळच्या क्यू उद्यानाला दिला. ३० जुलै १८८९ रोजी सिबरटॉफ्ट येथे त्यांचे निधन झाले.

या संग्रहाचे महत्त्व मोठे आहे. बुरशीचे शास्त्रीय नाव कागदावरच्या वर्णनासोबत एका प्रत्यक्ष वाळलेल्या नमुन्याला बांधलेले असते. शंका आली तर पाकीट उघडून पुन्हा तपासता येते. डबाबंद पावडरीला मात्र असे पाकीट नसते. आकार, रंग, बीजाणू, कणीदार पृष्ठभाग, बर्कले ज्या खुणांवर विसंबून होते, त्या सगळ्या दळताना संपतात. म्हणून खरेदीदाराला कागदपत्रे आणि प्रयोगशाळेची मदत घ्यावी लागते.

बाजारातील ‘कॉर्डिसेप्स’ : तीन वेगळ्या वस्तू

एकाच नावाखाली साधारण तीन प्रकारचा माल विकला जातो.

१. खरी कीडाजडी (ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस) : हिमालय आणि तिबेटच्या पठारावर साधारण साडेतीन ते पाच हजार मीटर उंचीवर, जमिनीतील पतंगाच्या अळीवर वाढते. वाळलेली अळी ३ ते ५ सेंमी लांब, पिवळसर तपकिरी, अंगावर आडवी वळी असलेली असते. पायांच्या ८ जोड्या असतात आणि मधल्या ४ जोड्या ठळक दिसतात. डोक्यातून ४ ते ७ सेंमी लांबीची गडद तपकिरी काडी निघते. जास्त तोडणीमुळे २०२० पासून ती जागतिक यादीत संकटग्रस्ततेच्या ‘असुरक्षित’ गटात आहे. महाराष्ट्रातील खोलीत, भातावर ही बुरशी अशा रूपात तयार होत नाही.

२. कॉर्डिसेप्स मिलिटारिस : नारिंगी रंगाची, गदेसारख्या टोकाची. लिनियस यांनी १७५३ मध्येच नोंदलेली ही वेगळी बुरशी आहे. बाटलीत किंवा डब्यात तांदळाच्या माध्यमावर, नियंत्रित तापमान आणि प्रकाशात तिचे उत्पादन घेता येते. आपल्याकडील प्रयोगशाळांत तयार होणारा माल बहुतेक हाच असतो. कॉर्डिसेपिन हा घटक १९५० च्या सुमारास याच बुरशीतून प्रथम वेगळा केला गेला. खऱ्या कीडाजडीत तो जवळपास नसतोच. त्यामुळे कॉर्डिसेपिनचे प्रमाण भरपूर असलेली पावडर ‘हिमालयीन कीडाजडी’ म्हणून विकली जात असेल, तर तिथेच विसंगती दिसते.

३. टाकीत किंवा धान्यावर वाढवलेले बुरशीचे तंतू : यात फळधारी भाग नसतो. चीनमध्ये कीडाजडीपासून वेगळी काढलेली, पण प्रत्यक्षात दुसऱ्याच जातीची बुरशी टाकीत वाढवून तिची पावडर विकली जाते. धान्यावर तंतू वाढवून सगळे एकत्र दळले, तर पावडरीत धान्याचा स्टार्च मोठ्या प्रमाणात येतो.

अख्ख्या मालातही फसवणूक होते. एका वनस्पतीचे गाठीदार कंद अळी म्हणून विकले जातात. त्यांना पाय आणि डोके नसते. वजन वाढवण्यासाठी अळीत धातूची तार घातल्याचेही प्रकार आढळले आहेत. अख्खा नग मोडून आतला भाग पाहावा.

रेशीची अडचण

रेशी किंवा लिंगझी या नावाने विकल्या जाणाऱ्या गॅनोडर्माबाबतही असाच गोंधळ आहे. बहुतेक डब्यांवर गॅनोडर्मा ल्युसिडम असे लिहिलेले असते. हे नाव १७८१ मध्ये इंग्लंडमधील नमुन्यावरून दिले गेले. पूर्व आशियात औषध म्हणून लागवड होणारी बुरशी वेगळी जात आहे आणि २०१२ मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी असे नाव मिळाले. जुन्या सवयीने जुने नाव छापले जाते, प्रत्येक वेळी ती फसवणूकच असेल असे नाही. पण कोकणात नारळाच्या बुंध्यावर उगवणारे गॅनोडर्मा रेशी समजून कोणी गोळा करून विकू नये. ते झाडाच्या रोगाचे कारण आहे, जात वेगळी असू शकते आणि बागेत वापरलेल्या औषधांचा अंशही त्यात असू शकतो.

खरेदी करताना काय पाहावे?

• पूर्ण शास्त्रीय नाव : नुसते ‘कॉर्डिसेप्स’ किंवा ‘रेशी’ पुरेसे नाही. नावाचे दोन्ही शब्द छापलेले असावेत.
• कोणता भाग : फळधारी भाग, तंतू की धान्यासह तंतू, हे लिहिलेले असावे.
• घटकाचे प्रमाण : ‘पॉलिसॅकराइड’ या आकड्यात स्टार्चही मोजला जातो. त्यामुळे बीटा-ग्लुकानचा वेगळा आकडा विचारावा. मिलिटारिससाठी कॉर्डिसेपिनचे प्रमाण विचारावे.
• बॅचनुसार तपासणी अहवाल : अहवालावरील आणि डब्यावरील बॅच क्रमांक जुळतो का पाहावे. शिसे, आर्सेनिक यांसारख्या जड धातूंची तपासणी असावी. मोठी खरेदी असेल तर डीएनए चाचणी करून घ्यावी.
• अन्न परवाना : एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असावा. हा परवाना मालाची जात सिद्ध करत नाही, पण विक्रेता नोंदणीकृत आहे हे सांगतो.
• दावे : कॅन्सर, मधुमेह, किडनीचा आजार बरा होतो असे लिहिणाऱ्याकडून माल घेऊ नये. पूरक आहारावर असा दावा करता येत नाही.
• आयोडीन चाचणी : चिमूटभर पावडर पाण्यात उकळून थंड करावी आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. गडद निळा-काळा रंग आला, तर धान्य किंवा स्टार्च मिसळलेला आहे. रंग आला नाही म्हणून माल शुद्ध आहे किंवा जात बरोबर आहे असे मात्र समजू नये.

रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी पूरके घेऊ नयेत. सुरू असलेले औषध बंद करून तर नकोच.

उत्पादकांसाठी

कॉर्डिसेप्स मिलिटारिसची लागवड हा खरा व्यवसाय आहे, पण त्याचा भाव मिलिटारिसचा असतो. प्रशिक्षण देणारा कोणी कीडाजडीचा भाव दाखवून नफ्याचे गणित मांडत असेल, तर प्रयोगशाळा, वातानुकूलन आणि कल्चर यांवर कर्ज काढण्यापूर्वी थांबावे. कल्चर देणाऱ्याकडून जातीचे आणि वाणाचे नाव लेखी घ्यावे. माल परत विकत घेण्याचा करार असेल, तर दर, प्रतवारी, पैसे देण्याची मुदत आणि माल नाकारण्याची कारणे त्यात स्पष्ट असावीत. गुंतवणुकीपूर्वी किमान दोन स्वतंत्र खरेदीदारांशी बोलून त्यांना मिलिटारिस याच नावाने माल हवा आहे का, हे विचारावे.

आपला माल विकतानाही हीच शिस्त पाळावी. नारिंगी मिलिटारिसच्या डब्यावर हिमालयातील अळीचे चित्र छापू नये. प्रत्येक बॅचमधील थोडा अख्खा, वाळलेला माल हवाबंद पाकिटात तारीख, जात, कल्चरचा स्रोत आणि बॅच क्रमांक लिहून जपून ठेवावा. उद्या ग्राहकाने किंवा अन्न निरीक्षकाने शंका काढली, तर हे पाकीट उघडून दाखवता येईल. किंग्ज क्लिफच्या धर्मगुरूने आयुष्यभर अशीच पाकिटे भरली आणि ती आजही क्यू येथे तपासता येतात.